भिवा जमादाराच्या घरचं पिठलं

जमादार, तुमच्यावर दोन शब्द लिहून पुस्तकाच्या शेवटी घालावेत असं ठरवलं आणि छपाईचे खिळे ठेवायच्या केसपुढं जाऊन उभा राहिलो, तर निम्मे खण रिकामे. 'ज' नाही, 'म' नाही, काना-मात्रांचा खडखडाट. सगळे खिळे तुमच्याच कादंबरीच्या शेवटच्या पानांत अडकून बसलेले. माणूस गेला की बोलायला शब्द सापडत नाहीत म्हणतात; माझ्याकडं शब्द होते, ते जुळवायला अक्षरं नव्हती. तुम्ही असता तर दारातल्या स्टुलावरून म्हणाला असतात, "मालक, मेल्यावर बी तुमचा धंदा आडवून राहिलो बघा."

आणि खरंच अडवलाय. लग्नसराई तोंडावर आली आहे, पत्रिकांची कामं येऊन पडलीत. यासीनभाई माझ्या वडलांच्या काळापासून या प्रेसमध्ये खिळे जुळवतात, ते रोज सकाळी चष्म्यावरून माझ्याकडं बघतात. "मालिक, जमादारसाब का आखरी फारम छाप के खोल डालो. शादीवालों को हर्फ कम पड रहे." त्यांचं बराबर आहे. एका शब्दासाठी मी तो फॉर्म, जुळवलेल्या पानांची चौकट, बांधून ठेवला होता. त्या शब्दावरून आपलं भांडण चाललं होतं आणि ते अर्ध्यावर टाकून तुम्ही निघून गेलात. भांडणातून असं मध्येच उठून जायची तुमची रीत नव्हती.

आपली ओळखच मुळात सरकारी. आणीबाणी लागली आणि कुठल्या प्रेसमध्ये काय छापतात यावर नजर ठेवायचा हुकूम आला. ठाण्यातल्या बाकीच्यांनी चांगल्या ड्यूट्या वाटून घेतल्या आणि माझा प्रेस तुमच्या वाट्याला आला. पहिल्या दिवशी तुम्ही दारात स्टूल ओढून बसलात, टोपी मांडीवर ठेवलीत आणि मशीनवरून निघालेली पहिली लग्नपत्रिका मागितलीत. मी घाबरून दिली. तुम्ही ती ओळ न् ओळ वाचलीत आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणालात, "सरकारच्या विरोधात कायबी न्हाई. पर वर न् नवरीचा बाप, दोघांचं नाव एकच हाय. नवरी बापाला माळ घालून राहिली." तेव्हापासून तुम्ही माझे पहारेकरी होता की मुद्रितशोधक, हे मलाही नीट सांगता आलं नसतं.

त्याच काळातली ती पत्रकं आठवतात? एका मास्तरानं छापायला दिलेली, चार ओळींचीच, पण त्या चार ओळींवर मी आत गेलो असतो. फौजदार अचानक तपासायला आले तेव्हा पत्रकांचा गठ्ठा तुमच्या शेजारीच पडला होता. तुम्ही शांतपणे उठलात, सलाम ठोकलात आणि बसताना स्टुलाऐवजी त्या गठ्ठ्यावर बसलात. फौजदार सगळे खण उचकून गेले. ते गेल्यावर तुम्ही म्हणालात, "मालक, इतका आक्षेपार्ह मजकूर बुडाखाली घेऊन कंदी बसलो नव्हतो." मी इतका हसलो की डोळ्यांतून पाणी आलं. त्या दिवशी आभार मानायचे राहिले. नंतर मानायला गेलो की तुम्ही विषय बदलायचात. म्हणून आज मानतो. माझं घर, माझा प्रेस, यासीनभाईंची नोकरी, सगळं तुमच्या त्या बसण्यावर टिकलं.

ठाण्यात तुमचं टेबल व्हरांड्यात होतं. आत जागा नाही असं फौजदार सांगायचे. तुमच्यामागून आलेल्या शिपायाला आत जागा मिळाली, त्याच्यामागून आलेल्यालाही मिळाली. तुम्ही व्हरांड्यातच. पावसाळ्यात तुमच्या टेबलावरचे कागद ओले व्हायचे आणि ते तुम्ही माझ्या प्रेसमध्ये, छापलेले कागद वाळवायच्या दोरीवर, पत्रिकांच्या शेजारी टांगायचात. चोरीची फिर्याद आणि शुभविवाह एकाच दोरीवर. तुमच्या वस्तीतही खाकी दिसली की गप्पा थांबायच्या. "तिकडं जात आडवी येती, हिकडं वर्दी," तुम्ही म्हणायचात, "मधी ह्ये तुमचं स्टूल तेवढं ऱ्हायलंय."

शिरड शहापूरचा किस्सा तुम्ही किती वेळा सांगितलात आणि दर वेळी मी तितकाच हसलो. एका घरातून देवघरातली तांब्याची घागर चोरीला गेली. पंचनाम्याला तुम्हाला पाठवलं. घरमालक हात जोडून दारात आडवा. म्हणाला, "जमादार, तुम्ही मोठे माणूस, पण आत सोवळं आहे." शेवटी तुम्ही बाहेरून खिडकीत तोंड घालून पंचनामा केलात, आणि आतल्या वस्तूंची मापं घरातल्या म्हातारीनं हातानं मोजून सांगितली. "चोर आत जाऊन आला, खुशाल घागर उचलून गेला," तुम्ही सांगायचात, "त्याची जात कुनी इचारली न्हाई. मी तेवढा भायेर." विहिरीत प्रेत तरंगलं की मात्र गावोगावहून तुमच्याच नावानं निरोप यायचा. "जित्या मानसाला माझा हात लागू देत न्हाईत, मालक. मेल्यावर समदे म्हनतात, जमादार, धरा."

मी हसायचो. आता त्या हसण्याची लाज वाटते. किस्सा विनोदी नव्हता म्हणून नाही, विनोदी होताच. तुम्ही तो तसा रचला होता. लाज याची की त्या घरमालकाला मी मूर्ख म्हणायचो, मोठ्यानं म्हणायचो, आणि माझ्या प्रेसमागच्या दारातून चार पावलांवर माझं स्वतःचं घर होतं. त्या दारातून तुम्ही कधी आत आला नाहीत. मी बोलावलं नाही आणि तुम्ही ते कधी बोलून दाखवलं नाहीत. चहा दोघांसाठीही हॉटेलातून यायचा. त्यालाही मी माझा मोठेपणाच समजत होतो.

"किस्से लिहून काढा," असं मीच म्हणालो होतो. तुम्ही मनावर घ्याल असं वाटलं नव्हतं. पण आणीबाणी उठली, नजर ठेवायचं काम संपलं, तरी तुम्ही ड्यूटी सुटली की येतच राहिलात, आणि येऊन लिहायला लागलात. बिघडलेल्या लग्नपत्रिकांच्या पाठीवर. पुढं श्रीगणेश, मागं खून. बघता बघता कादंबरी झाली. नाव ठेवलंत 'मी तिथं नव्हतो'. नायक भिवा जमादार, ठाण्यात व्हरांड्यात बसणारा, गावात दाराबाहेर उभा राहणारा. मी म्हटलं, हा तर तुम्हीच. तर म्हणालात, "न्हाई. भिवा माझ्याहून जास्ती तोंडाळ हाय."

गोष्ट जवळा बाजारची. बाजाराच्या दिवशी कापसाच्या ढिगात जिनिंग कारखान्याच्या मुनिमाचं प्रेत सापडतं. संशय देशमुखांच्या धाकट्या मुलावर, कारण सकाळीच दोघांची चारचौघांत हमरीतुमरी झालेली. खून झाला त्या घटकेला हा मुलगा कुठं होता? भिवा जमादाराच्या घरी, चुलीपुढं मांडी घालून पिठलं-भाकरी खात होता. दोघांची दोस्ती, तो नेहमी जायचा. म्हणजे तपास करणारा जमादारच आरोपीचा साक्षीदार. एका वाक्यात सुटेल असा खटला. पण ते वाक्य पोरगा काही उच्चारत नाही. कोठडीत, कोर्टात, बापासमोर, त्याचं एकच पालुपद: मी तिथं नव्हतो.

आणि गावाला सगळं ठाऊक! गावातली चार वजनदार माणसं भिवाच्या दारापासून दहा हात लांब उभी राहून त्याची समजूत घालतात तो प्रसंग जुळवताना यासीनभाई हसता हसता खोकायला लागले होते. "भिवा, पोराचं काय व्हायचं ते व्हईल. पर देशमुखांचं नाव तुझ्या चुलीपाशी आनू नको." भिवा विचारतो, "फास लागला तर?" "फास लागला तर एकल्या पोराला लागंल. हे भायेर फुटलं तर समद्या भावकीला." असं भयंकर आणि असं हसू आणणारं दुसरं काही माझ्या प्रेसमधून कधी निघालं नाही. मी ते तुम्हाला सांगितलंही होतं, पण पाठ थोपटल्यासारखं सांगितलं. बरोबरीच्या माणसाला सांगतात तसं नाही.

भिवाच्या शब्दाला कोर्टात कोण विचारतो? म्हणून त्याला दुसरा पुरावा शोधावा लागतो, आणि तो त्याला सापडतो पानपट्टीवर. पानवाला सांगतो, देशमुखांचं पोरगं एरवी पानाला शिवत नाही, पण वस्तीच्या वाटेनं आलं की हटकून पान खातं. लवंग जास्त, कात कमी. खाऊन मगच घरी जातं. खून झाला त्या दिवशीही खाल्लं.

हे प्रूफ मी दुपारी एकटाच वाचत होतो. लवंग जास्त, कात कमी, इथं आलो आणि पुढं वाचता येईना. ते माझं पान होतं, जमादार. मी तुमच्या घरी जेवून निघालो की एसटी स्टँडच्या पानपट्टीवर थांबायचो. आमच्या घरी कांदासुद्धा चातुर्मासात बंद, आणि तुमच्या घरी वहिनींच्या हातचं मटण म्हणजे जिभेवरून उतरत नाही असं. आईला वास येऊ नये म्हणून पान. तुम्हाला हे ठाऊक नाही असं मी धरून चाललो होतो. जन्म तपासात गेलेल्या माणसाबद्दल!

संध्याकाळी तुम्ही आलात तेव्हा मी उसनं हसून विचारलं, "हे पानाचं कुठून काढलंत?"

"तपास," तुम्ही म्हणालात आणि टोपी मांडीवर ठेवलीत.

मग मी संपादकाचा आव आणला. राग आला होता, तो व्याकरणातून काढला. म्हटलं, इथं तुमची चूक झालीय. पोरगा पिठलं खातो, मग पान कशाला? पिठल्याचा काय वास यायचा, पिठलं तर त्याच्या घरीही होतं. वास मटणाचा येतो. रहस्यकथेत असली ढिलाई चालत नाही, वाचक लगेच पकडेल. 'पिठलं' काढा, 'मटण' करा.

"पिठलंच हाय," तुम्ही म्हणालात.

"अहो पण का?"

"मटन लिवलं की पोरगा सुटला."

"सुटला कुठं? तुमच्या शेवटात त्याला फाशीच होतेय की."

"कोर्टातून न्हाई म्हनत मी," तुम्ही म्हणालात. "वाचनाऱ्याच्या तावडीतून सुटला."

पुढं आपण रोज भांडलो. मशीनच्या खडखडाटात ओरडून भांडलो. माझं म्हणणं, माणूस इतका वाईट नसतो. एखादी वस्तू लपवतो, सवय लपवतो, पण जीव जायची वेळ आली तर बोलतो. तुमचं म्हणणं, "मानूस वाईट कोन म्हनून राहिलं? पोरगं चांगलंच हाय. लाजतंय बिचारं." माझ्या मुद्द्याला तुम्ही 'बिचारं' म्हणालात की मला जास्तच झोंबायचं.

मधेच एकदा तुम्ही दुसरंच काढलंत. मी माझ्या सगळ्या मित्रांना अरे-तुरे करतो. वकिलाला, मास्तराला, दुकानदारांना. वयानं मोठ्यांनाही. तुम्हाला मात्र पहिल्या दिवसापासून अहो-जाहो. त्याचा मला अभिमान होता. बघा, मी जमादारांना किती मानानं वागवतो! तुम्ही एवढंच म्हणालात, "लई मान देऊन राहिले, मालक. मान दिला की मानूस दारातच थांबतो." मी प्रूफ पुढं ओढलं आणि काना-मात्रा तपासायला लागलो. आत्ताही बघा, तुम्ही-तुम्हीच लिहितो आहे. तू लिहून पाहिलं. हात वळत नाही. तुम्ही हयात असताना ते म्हणायला हवं होतं, आता म्हणणं म्हणजे नुसती हौस.

मग कावीळ झाली. मी परभणीच्या दवाखान्यात भेटायला आलो तेव्हा तुम्ही हात पुढं करून दाखवलेत, नखांपर्यंत पिवळे. "हळद लागली बघा, मालक. पत्रिका छापा." वहिनी पदर तोंडाला लावून बाहेर गेल्या आणि मी हसलो. हसायचं नाही हे कळत होतं, पण तुमच्यापुढं दुसरं काय करणार.

शेवटचं प्रकरण जुळवून झालं का, असं तुम्ही विचारलंत. मी हो म्हणालो. वाचा म्हणालात. माझ्या पिशवीत प्रूफ होतं आणि त्या प्रूफात मी तुम्हाला न विचारता 'पिठलं' काढून 'मटण' घातलं होतं. तुम्ही आजारी पडल्यावर घातलं. मला वाटलं, आता वाद घालायला तुम्ही उठणार नाही. हे लिहिताना कान तापलेत, पण तसंच वाटलं होतं. तरी मी वाचलं. भिवा कोर्टात पोराला हात जोडून म्हणतो, लेकरा, एकदा सांग की तू माझ्या घरी जेवत होतास, मटण खात होतास...

तुम्ही डोळे मिटून ऐकत होता. म्हणालात, "हे म्या लिवलेलं न्हाई."

मी प्रूफाची घडी घातली.

"मालक, आमच्या घरी मटन व्हतंच कुठं दर येळी? आठवा जरा. तुमी कितीदा खाल्लं?"

मी आठवायला लागलो. एकदा पोळ्याच्या करीला. एकदा तुमच्या मेव्हण्याचं लग्न ठरलं तेव्हा. आणि? बाकी सगळ्या वेळी वहिनींनी परातीत भाकरी थापलेली, तव्यावरचं पिठलं, खलबत्त्यात कुटलेली मिरची. जवळजवळ दर वेळी पिठलंच, जमादार. आणि पान मी दर वेळी खाल्लेलं.

"पर वाटंल तसं छापा," तुम्ही म्हणालात. "मटन ठिवायचं असंल तर वर नाव तुमचं टाका. माझं नगं." मग कूस बदलून भिंतीकडं तोंड केलंत. त्यानंतर आपलं बोलणं झालं नाही. मी दुसऱ्या दिवशी येतो म्हणालो आणि चार दिवस गेलो नाही. काय तोंड घेऊन जाणार होतो?

तुम्ही गेल्यावर जलदानाच्या दिवशी, तुमच्या दिवसकार्याला, मात्र आलो. तुमच्या वस्तीत मांडव घातला होता, तुमचा वर्दीतला फोटो ठेवला होता, त्यात तुम्ही कधी नव्हे ते सरळ उभे. ठाण्यातले दोन शिपाई आले होते, ते उभ्या उभ्या हार घालून गेले. मेणबत्त्या लावल्या, सगळ्यांनी पंचशील म्हटलं. मला दोन शब्द बोला म्हणाले. मी उभा राहिलो आणि बोललो, चांगलं बोललो. जमादार माझे मित्र होते, त्यांच्या घरचं मीठ मी खाल्लंय, असं म्हणालो, छाती पुढं काढून. बायाबापड्यांनी डोळे पुसले. तिथं ते किती सोपं होतं! तिथं ऐकणारे सगळे तुमचेच होते.

मग पंगत बसली. वहिनींनी स्वतः येऊन मला बसवलं, यासीनभाईंच्या शेजारी. वरण-भात, वांग्याची भाजी, बुंदी. वहिनी वाढता वाढता म्हणाल्या, "भावजी, पोटभर जेवा. ते असते तर तुमाला असंच उठू दिलं नसतं." मी पोटभर जेवलो. भात मागून घेतला. यासीनभाई हात धुताना म्हणाले, "अच्छा खाना था. जमादारसाब होते तो खोट निकालते." आम्ही दोघं हसलो आणि मला खूप दिवसांनी हलकं वाटलं.

परत येताना पानपट्टीपाशी मी थांबलो नाही. थांबायचं कारणच नव्हतं. वरण-भाताला कसला वास? आमच्या घरी रोज होतो तोच स्वयंपाक. त्या दिवशी लपवण्यासारखं माझ्या पोटात काहीही नव्हतं.

घरी आलो तर आई ताट झाकून माझ्यासाठी थांबलेली. माझी आई दुष्ट नाही, जमादार. तिनं कधी कुणाला वाईट बोललेलं मला आठवत नाही. ती म्हणाली, "इतका उशीर? कुठं होतास रे?"

आणि माझ्या तोंडून निघालं, "वारंगा फाट्याला गेलो होतो. कागदाचा ट्रक अडकला होता."

विचार करून बोललो नाही. दरडावून कुणी विचारलं नव्हतं. फास नव्हता, कोर्ट नव्हतं, समोर नुसती माझी म्हातारी आई होती आणि मी वरण-भात खाऊन आलो होतो. तुमच्या कादंबरीतल्या पोराच्या वाट्याला निदान खुनाचा आळ तरी आला होता.

"मग उपाशीच असशील," आई म्हणाली आणि तिनं ताट वाढलं. मी बसलो. वरण, भात, वांग्याचीच भाजी. उपाशी माणसानं जेवावं तसं जेवावं लागलं. तिनं पोळी वाढली, मी नको म्हणालो नाही. तिनं भात वाढला. ती समोर बसून वारा घालत होती आणि म्हणत होती, फाट्यावर एवढी हॉटेलं आहेत, काही खाऊन घ्यायचं होतंस. मी मान हलवत होतो. पोटात वहिनींच्या हातचं जेवण आणि त्याच्यावर आईच्या हातचं. शेवटी हात धुवायला मागं गेलो आणि न्हाणीच्या दगडावर बसून राहिलो. बाहेरून आईनं विचारलं, काय रे, बरं वाटत नाही का? मी म्हणालो, ऊन लागलं असेल. तेही खोटं.

तिथं बसलो असताना मला तुमच्या कादंबरीतली चूक आठवली. पिठलं खाल्लेला माणूस पान कशाला खाईल, असं मी तुम्हाला इतके दिवस विचारत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रेस उघडल्या उघडल्या मी फॉर्म सोडला. चिमट्यानं 'मटण' उपसून काढलं आणि 'पिठलं' जुळवायला घेतलं. तर 'ठ' सापडेना! यासीनभाईंनी 'चिठ्ठी'तला काढायचा की 'ज्येष्ठ'मधला, यावर डोकं खाजवलं, शेवटी एका नियोजित वधूच्या कुलदैवताच्या ओळीतून एक झिजका 'ठ' काढून दिला. त्यामुळं छापल्यावर तो जरा पुसट उठेल. तुम्ही असता तर त्यावरूनही काहीतरी बोलला असतात. फॉर्म आवळला, प्रूफ काढलं, वाचलं. तुमचा शेवट आहे तसा आहे. भिवा हात जोडतो, पोरगा वर बघत नाही, म्हणतो, मी तिथं नव्हतो. तिथंच संपतं. वर नाव तुमचं आहे. मी घातलेलं एकही अक्षर त्यात आता उरलेलं नाही.

वादात तुम्ही जिंकलात हे कळवायला एवढं लिहिलं खरं, पण तेवढ्यानं भागत नाही. तुम्ही हे वाचणार नाही. तुमच्यापुढं कबूल होणं म्हणजे पुन्हा वस्तीतल्या मांडवात भाषण करण्यासारखंच, ऐकणारा आपलाच. या प्रेसमधून निघणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची पहिली प्रत देवापुढं ठेवायची आमच्या घरची रीत आहे. आई त्यावर फूल वाहते, आणि संध्याकाळी चष्मा लावून ते पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते. खुनाची गोष्ट आहे म्हटल्यावर तर सोडणारच नाही. तुमच्या प्रकरणांनंतर तिला ही पानं लागतील. मी तोंडानं सांगायचा प्रयत्न केला. काल रात्रीच्या जेवणाला केला, आज सकाळी चहाला केला. तिनं विचारलं, काय म्हणतोस? मी म्हटलं, काही नाही, साखर कमी आहे.

तुमचा फॉर्म छापून खिळे मोकळे झाले, आणि इथून पुढच्या ओळी यासीनभाईंनी जुळवायला घेतल्या आहेत. लिहिताना मी त्या पुन्हा पुन्हा खोडल्या. आता खिळ्यांत गेल्या की मला खोडता येणार नाहीत. ते विचारतायत, "मालिक, ये रखना है ना?" मी हो म्हणालोय.

आई, मी वारंगा फाट्याला गेलो नव्हतो. कुठलाही ट्रक अडकला नव्हता. कोंडिबा जमादार म्हणून माझे एक मित्र होते, त्यांच्या घरी मी कित्येक वर्षं जेवत होतो, आणि ते गेल्यावर जलदानाच्या पंगतीला त्यांच्या मांडवात बसून पोटभर जेवलो. तू ताट वाढलंस तेव्हा मला भूक नव्हती. आई, त्या दिवशी मी दोनदा जेवलो.